दारव्ह्याला जा, आणि अर्धी चादर बरोबर न्या

दारव्ह्याला कुणी सहलीला जात नाही, हे मला ठाऊक आहे. यवतमाळपासून साधारण चाळीस किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. तिथे जायचं ते लग्नकार्याला, नाहीतर माहेरी-सासरी. तरीही मैत्रिणींनो, तुमच्या पेटीच्या तळाशी अर्धवट भरलेला टेबलक्लॉथ किंवा निम्म्यावर सोडलेलं क्रोशाचं तोरण असेल (आणि नसलेली बाई मला अजून भेटायची आहे!), तर एकदा दारव्ह्याला जाऊन याच.

जायचं ते दिवाळीनंतर. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली असते आणि बायका कमरेला ओटी बांधून वेचणी करत असतात. या कापसासाठीच तर इथे आगगाडी आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची लाइन १९०३ साली सुरू झाली. तीच आपली लाडकी 'शकुंतला'! दारव्ह्याच्या स्टेशनाचं नाव मोतीबाग. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चाले, पुढे डिझेलवर. आता गाडी धावत नाही. पण गंमत पाहा, इथला कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे जायचा आणि तिकडचं कापड फिरून आपल्याच बाजारात विकायला यायचं.

दारव्हा, दिग्रस, पुसद हा सारा बंजारा तांड्यांचा मुलूख. पोहरादेवीही जवळच, वाशिम जिल्ह्यात. रामनवमीच्या यात्रेला गेलात तर म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर जुनी फेटिया-कांचळी अजून दिसेल. सगळे आरशांकडे पाहतात. तुम्ही काठाकडे पाहा. कवड्या, घुंगरं, लोकरीचे गोंडे, पट्टीला जोडलेली पट्टी, सगळा जोर कडेला. आपण नेमकं उलट करतो. मधलं फूल हौसेने भरतो आणि कडेची वेळ आली की कंटाळतो.

माझ्या नणंदेचं सासर दारव्ह्याचं. तिच्या सासूबाई चादर अर्धी भरून ठेवून गेल्या. चार कोपऱ्यांपैकी दोनच भरलेले, एका फुलात सुई तशीच टोचलेली. मागच्या माघात नातीचं लग्न ठरलं आणि रुखवतात आजीची चादर हवीच, असं मुलीने धरून बसलं. आता ती पुरी कशी करायची? सासूबाईंचा टाका बारीक नि घट्ट, वन्संचा मोठा आणि सैल. तो लाल दोराही आता मिळेना. शेजारणी म्हणाल्या, उसवा आणि सगळं एका हाताने नव्याने भरा. मला तर ते ऐकवेना.

वन्संच्या शेतावर वेचणीला एक वयस्क बंजारा बाई येते. सगळे तिला याडी म्हणतात. तिने चादर हातात घेतली ती आधी उलटी केली. मागचे दोरे पाहिले, मग काठ चिमटीत धरून ओढून पाहिला. जुनं काम पक्कं आहे, ते हलवू नका, एवढंच तिने सांगितलं. वन्संनी तेच धरलं. मला म्हणाल्या, "वहिनी, माह्या सासूनं भरलं ते तसंच राहू द्याचं, बरं का."

मग युक्ती काढली. अर्ध्या फुलात नवा दोरा घातला की फरक लगेच डोळ्यात भरतो. म्हणून ते एक फूल जुन्याच लडीतल्या उरल्यासुरल्या दोऱ्याने पुरं केलं. उरलेले दोन कोपरे नव्या, जरा गडद लालने भरले आणि त्याच गडद लालचा काजटाका चारही कडांना फिरवला. आता तो फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

तुम्हीही असं काम काढाल, तर घाई फक्त शेवटच्या टप्प्यात करू नका. महिनाभर भरलंत तर आठवडा पुरं करायला ठेवा. दोऱ्याच्या टोकांना मागे गाठी मारू नका, त्या इस्त्रीत वर उमटतात. टोक मागच्या तीन-चार टाक्यांतून ओवून कापा. धुण्याआधी ओला पांढरा रुमाल लाल दोऱ्यावर दाबून पाहा, रंग लागला तर पाण्यात भिजत घालू नका. इस्त्री जाड टॉवेलवर, उलट्या बाजूने, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. अस्तर सुती असेल तर आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आकसतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. चौकटीत लावायचं असेल तर चारी बाजूंना दोन-तीन इंच कापड सोडा. फ्रेमवाला कापडाची काळजी करत बसत नाही! आणि लडीवरचा शेड नंबर वहीत उतरवून ठेवा. पुढे कुणाला तरी तो लागेल.

कर्नाटकात उत्तर कन्नडकडे सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. त्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची 'फुलं' लावल्याशिवाय ती पुरी होत नाही. फुलं नसलेली गोधडी उघडी मानतात. आपल्या वाकळीच्या कोपऱ्यांना कुणी असं फूल लावून पाहिलं तर काय बहार येईल!

दारव्ह्याला यवतमाळहून एसटीने जा. वैशाखात मात्र नको, ऊन सोसवत नाही. आणि तांड्यावर गेलात तर जुनी कांचळी विकत मागू नका. आपल्या पिशवीसाठी तिला कात्री लागते. तिथल्या बायकांनी विकायला केलेलं नवं काम असेल तर विचारा, भाव न पाडता घ्या, आणि तुमची अर्धी चादर पिशवीतून काढून दाखवा.