‘मॉम्स नाइट आउट’ आणि त्याचे दोन प्रेक्षकवर्ग

९ मे २०१४ रोजी, म्हणजे अमेरिकेत मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाळल्या जाणाऱ्या मातृदिनाच्या दोन दिवस आधी, अँड्र्यू आणि जॉन अर्विन या बंधूंनी दिग्दर्शित केलेला ‘मॉम्स नाइट आउट’ हा विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्याविषयी जे छापून आले आणि चित्रपटगृहात जे प्रत्यक्ष घडले, यांतली तफावत प्रस्तुत लेखिकेला अजूनही खटकते. हा चित्रपट ‘फेथ-बेस्ड’ म्हणजे श्रद्धाधारित या वर्गातला होता. ख्रिस्ती श्रद्धेला धरून चालणारी कथा, शिवीगाळ आणि शरीरप्रदर्शन टाळणारी मांडणी आणि चर्चमधून गटागटाने होणारी तिकीटविक्री अशी या वर्गाची स्थूल ओळख सांगता येते. २००४ साली ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ने प्रचंड कमाई केल्यावर मोठ्या स्टुडिओंना या प्रेक्षकाची दखल घ्यावी लागली आणि पुढे सोनीने खास त्याच्यासाठी ‘अफर्म फिल्म्स’ हा विभाग उघडला. अर्विन बंधूंचा चित्रपटही त्याच वाटेने आला.

कथा एका रात्रीची आहे. तीन लहान मुलांची आई असलेली ॲलिसन (सारा ड्रू) घरकामाने आणि त्याहून अधिक स्वतःच्याच अपेक्षांनी पिचलेली आहे. तिची मैत्रीण इझी आणि पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची पत्नी सोंड्रा (पॅट्रिशिया हीटन) यांच्यासह ती एका संध्याकाळी बाहेर जेवायला जाण्याचा बेत आखते आणि मुले नवऱ्यांवर सोपवते. त्यानंतर उपाहारगृहातल्या आरक्षणापासून पोलीस ठाण्यापर्यंत जे जे बिघडू शकते, ते सर्व बिघडते. नवऱ्याच्या भूमिकेत शॉन ॲस्टिन आहे, तर बोन्स नावाच्या गोंदवलेल्या, दांडग्या मोटारसायकलस्वाराच्या भूमिकेत ट्रेस ॲडकिन्स हा कंट्री गायक आहे.

प्रस्तुत लेखिका ख्रिस्ती नाही. त्या काळी तिचे वास्तव्य अमेरिकेच्या दक्षिण भागात होते आणि शेजारणीच्या बॅप्टिस्ट चर्चमधल्या बायकांनी काढलेल्या तिकिटांपैकी एक तिच्या वाट्याला आले, एवढाच तिचा या प्रसंगाशी संबंध. सभागृहात जवळजवळ सगळ्या स्त्रियाच होत्या. पुढच्या रांगेत एकीच्या मांडीवर तान्हे मूल होते, ते मध्येच रडू लागले की आई उठून दाराजवळच्या अंधारात उभी राही आणि तिथूनच चित्रपट पाहत हसे. ॲलिसन कपड्यांच्या कपाटवजा खोलीत लपून चॉकलेट खात संगणकावर गरुडीच्या घरट्याचे थेट चित्रण पाहत बसते, त्या दृश्याला उठलेला हशा विशेष लक्षात राहण्याजोगा होता. विनोद फारसा चतुर नव्हता. तरीही शेजारणीने डोळे पुसत लेखिकेच्या दंडावर हात ठेवला आणि ‘माझी जागा धुलाईयंत्रामागे आहे’ असे हलक्या आवाजात सांगितले.

या हशाकडे बाहेरच्या जगाने कसे पाहिले, हा खरा सल आहे. बहुसंख्य समीक्षकांनी चित्रपट झोडपला आणि अनुकूल परीक्षणे अगदी थोडी निघाली. प्रेक्षकांचा कौल मात्र त्याहून कितीतरी उदार होता. विनोद शिळा आहे, गोंधळ ओढूनताणून घडवलेला आहे, हे आक्षेप रास्त होते आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु सर्वांत जोरकस आरोप निराळाच होता: चित्रपट स्त्रीला घरात डांबू पाहतो, आई एका रात्रीपुरती बाहेर पडली की संसार कोसळतो असे दाखवतो आणि शेवटी तिला चूल-मूल हेच तिचे भाग्य असल्याचे पटवून परत पाठवतो. या आरोपात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. मात्र तो करताना सभागृहातल्या स्त्रियांच्या हसण्याला जणू भुलवल्या गेलेल्यांचे हसणे मानले गेले, आणि आपल्याला कशाचे हसू आले हे त्या स्त्रियांना विचारावे असे फारसे कोणाला वाटले नाही. ज्याची स्वप्ने पाहिली ते सर्व मिळाले, तरी आपण सुखी नाही, असे ॲलिसन उघड म्हणते. ज्या समाजात मातृत्व ही देवाची देणगी मानली जाते आणि देणगीविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे समजले जाते, तिथे हे वाक्य उच्चारणे सोपे नसते. सदैव नीटनेटके आणि प्रसन्न दिसण्याच्या अपेक्षेने दमलेली पाळकाची बायको पडद्यावर पाहून मागच्या रांगेतली एक वयस्क बाई ‘अगदी खरं!’ असे मोठ्याने बोलून गेली आणि आसपासच्या सगळ्या हसल्या. हे हसणे घरात डांबलेल्या बाईचे नसून, आपले गुपित दुसऱ्याच कोणी फोडले म्हणून सुटका झालेल्या बाईचे होते, असे लेखिकेचे ठाम मत त्या दिवशी बनले. स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्याने निदान त्यांचे ऐकून घ्यायला हवे होते. ज्यांच्यावर अन्याय होतो असे म्हणायचे त्यांनाच अडाणी ठरवायचे, ही खोड आपल्याकडच्या विद्वानांनाही आहे.

पोलीस ठाण्यातल्या प्रसंगात सभागृह एकदम गंभीर झाले. खचलेल्या ॲलिसनला धीर देतो तो पाळक नव्हे, तर बोन्स. देवाने तुझ्या मुलांना आई म्हणून तुला देण्यात चूक केली नसावी, तू आहेस तशी राहा, अशा आशयाचे तो बोलतो. समीक्षकांना हा उपदेशाचा डोस वाटला, तर सभागृहात दोन-तीन ठिकाणांहून दबक्या आवाजात ‘आमेन’ ऐकू आले. गंमत अशी की श्रद्धाळूंपैकीही सगळे तृप्त नव्हते. बाहेर पडल्यावर वाहनतळावर चर्चमधल्या एका ज्येष्ठ बाईने कुरकुर केली की येशूचे नाव पुरेसे आलेच नाही आणि देवाधर्माची गोष्ट गोंदवलेल्या माणसाच्या तोंडी घालणे तिला रुचले नाही. धर्म जास्त झाला म्हणून एक बाजू नाराज आणि कमी पडला म्हणून दुसरी, अशा कात्रीत श्रद्धाधारित विनोदपट सापडतोच. मराठी वाचकाला हे थोडे नवलाचे वाटेल, कारण एकनाथांच्या भारुडांपासून भक्ती आणि थट्टा इथे एकाच फडावर नांदत आल्या आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’तही पंढरपूरची वारी, गरिबी आणि हशा एकमेकांच्या आड आले नाहीत.

काही काळाने हाच चित्रपट घरी, एकांतात पाहताना त्या ठाम मताला तडे गेले, हेही नोंदवणे भाग आहे. गर्दी नव्हती, शेजारीण नव्हती, आणि मुलांना सांभाळता न येणाऱ्या बापांचे विनोद कंटाळवाणे तर वाटलेच, शिवाय चीड आणणारेही वाटले. बाप निर्बुद्ध ठरला की आईला रजा मिळतच नाही, हा समीक्षकांचा मुद्दा त्या खोलीत बिनतोड दिसत होता. त्याहून मोठी गोष्ट समीक्षकांनीही फारशी धसास लावली नव्हती. ॲलिसनजवळ घर आहे, मोटार आहे, कमावता नवरा आहे. कथेत ज्या आईचे मूल खरोखर हरवते, टॅटू काढण्याच्या दुकानात सोडले जाते आणि ज्याच्या शोधात सगळी धावपळ होते, ती ब्रिजेट मात्र मूल एकटीने वाढवणारी तरुणी आहे. तिचे संकट पटकथेला गती देण्यापुरते वापरले जाते, आणि सांत्वनाचे लांबलचक भाषण मिळते ते ॲलिसनला. तरीही सभागृहातले ते हसणे खोटे होते, असे मानायला लेखिकेचे मन तयार होत नाही. दोन्ही मते तिच्याजवळ शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचा मेळ घालण्याची तिला घाई नाही.

व्यवहाराच्या बाजूने पाहता, हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच शुक्रवारी ‘नेबर्स’ हा प्रौढांसाठीचा विनोदपट आला होता. त्यातही तान्ह्या मुलीचे आईबापच केंद्रस्थानी होते आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने सुमारे 4.9 कोटी डॉलर मिळवले. सुमारे 50 लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या ‘मॉम्स नाइट आउट’ची एकूण कमाई साधारण 1 कोटी डॉलरच्या घरात राहिली, तर त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘गॉड्स नॉट डेड’ या वादविवादाच्या गंभीर श्रद्धापटाने अमेरिकेतच सुमारे 6 कोटी डॉलर जमवले. अर्विन बंधूंनी पुढच्याच वर्षी फुटबॉलवरचा ‘वुडलॉन’ काढला, आणि 2018 साली ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’ या अश्रू ढाळायला लावणाऱ्या चरित्रपटाने त्यांना अमेरिकेत 8 कोटी डॉलरहून अधिक मिळवून दिले. विनोदाच्या वाटेला त्यांचे पुढचे मोठे चित्रपट गेले नाहीत.