मारुतीच्या देवळाएवढं



मी दुबईहून परत आल्यावर पाचवीच्या वर्गाने पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, ती इमारत आपल्या कळसूबाईपेक्षा उंच आहे का हो?" त्याचे उत्तर आधी देतो. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. बुर्ज खलिफा जमिनीपासून ८२८ मीटर. म्हणजे निम्म्याहून जराशीच अधिक. पण ४ जानेवारी २०१० रोजी तिचे उद्घाटन झाले, तेव्हा माणसाने बांधलेली जगातली सर्वांत उंच इमारत तीच ठरली.

माझे थोरले बंधू तेथे असतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते सुतारकाम करतात. २००६ साली ते दुबईस गेले आणि याच इमारतीच्या सेंट्रिंगच्या कामावर लागले. मी तेव्हा डी. एड. करीत होतो. माझी फी तिकडून येई. आई फोनवर विचारायची, "बाळा, लई उंचावर काम करतोस का रे?" दादांचे उत्तर ठरलेले, "नाही गं, आपल्या मारुतीच्या देवळाएवढं."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो. इतकी वर्षे तेथे राहून दादा ती इमारत बघायला म्हणून कधी वर गेले नव्हते. "आपल्याला कशाला तिकीट?" म्हणाले. मीच दोन तिकिटे काढली.

उद्वाहन सेकंदाला दहा मीटर वर जाते. घाटात एस. टी. चढताना कानाला दडे बसतात ना, तसे झाले. मिनिटभरात आम्ही १२४ व्या मजल्यावर! तेथे मोठा सज्जा आहे. जमिनीपासून ४५२ मीटर उंच. एका अंगाला निळा समुद्र, दुसऱ्या अंगाला नजर पोहोचेल तिथपर्यंत वाळवंट. खाली रस्त्यावरच्या मोटारी बाजरीच्या दाण्यांएवढ्या दिसत होत्या. आपल्या गावात अंधार पडला तरी कळसूबाईच्या माथ्यावर ऊन रेंगाळते, तसेच येथेही होते. म्हणून तर २०११ साली रमजानमध्ये, ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटे उशिरा सोडावा, असे सांगण्यात आले होते.

मी हे सारे बघत होतो. दादा मात्र काचेपाशी आलेच नाहीत. ते मागे उभे राहून वरचा स्लॅब न्याहाळीत होते. मी म्हटले, "दादा, शहर बघा की!"

"मास्तर, २००७ साली आम्ही इथपर्यंत आलो, तेव्हा ह्या काचा नव्हत्या. नुसता वारा. खाली बघायचं नाही, हातातल्या कामाकडं बघायचं, एवढंच ठाऊक. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतायचे, त्यात बर्फ घालून. शहर बघायला सवड कुणाला होती?"

मग ते हळूहळू काचेपाशी आले. बराच वेळ गप्प उभे राहिले. दूर बोट दाखवून म्हणाले, "तिकडं आमची खोली होती. पहाटे बस निघायची." माझे पाय लटपटू लागले. उंचीने नव्हे. माझी फी कोठून येत होती, ते मला त्या दिवशी कळले.

उतरताना दादा म्हणाले, "आईला सांगू नकोस हं. देवळाएवढंच सांग."

पण घरी आल्यावर मी आईला खरे सांगितले. ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी मात्र देवळात जाऊन तिने मारुतीपुढे नारळ फोडला.

मुलांनो, उंच इमारत पाहिली की आपण मजले मोजतो. ते बांधणाऱ्यांचीही चौकशी करावी. त्यासाठी दुबईस जायला नको. पुढच्या खेपेस कळसूबाई चढाल, तेव्हा वाटेत लोखंडी शिड्या लागतील. ते लोखंड कोणीतरी तेथवर वाहून नेले असेल. कोणी नेले, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या आणि येथे लिहा.

– तुमचे गुरुजी