चिमट्यांचं गाव सियालकोट

मुलांनो, जरा ॲटलास काढा पाहू! आपल्या जम्मू शहरावर बोट ठेवा आणि सरहद्द ओलांडून नैर्ऋत्येला थोडंसं सरका. पन्नास किलोमीटरही जायला नको. पाकिस्तानातल्या पंजाबात, चिनाब नदीच्या बाजूला एक शहर सापडेल. सियालकोट! आपल्याला तिथं उठून सहज जाता येत नाही, पण नकाशावरून बोटानं जायला कुणाची बंदी आहे?

कवी इक्बाल १८७७ साली याच गावात जन्मले. २०१४ सालच्या विश्वचषकाचे फुटबॉलही इथल्या कारखान्यात तयार झाले. पण आज आपण फुटबॉल पाहायला आलेलो नाही. जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत सर्जनच्या हातात जे चिमटे, कात्र्या, पकडी असतात, त्यांतला फार मोठा वाटा या एका गावातून येतो.

इथंच का बरं? तर हा भाग मुळात लोहारांचा. शेजारचं कोटली लोहारान हे गाव पोलादावर सोन्या-चांदीची नक्षी करण्यासाठी प्रसिद्ध होतं. तलवारी, कट्यारी घडवणारे हात! इंग्रजी अमलात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या मिशन हॉस्पिटलातली काही उपकरणं मोडली. विलायतेहून नवी यायची म्हणजे किती दिवस वाट पाहायची? म्हणून ती गावातल्या लोहाराकडे दिली, असं सांगतात. त्यानं ती दुरुस्त केली, आणि मग तशीच नवी करूनही दिली. दुसऱ्या महायुद्धात तर लष्करी दवाखान्यांना सियालकोटचा माल जाऊ लागला.

आता एक कोडं. साध्या कात्रीची दोन पाती एकमेकांवर ठेवून मध्ये खिळा मारलेला असतो. पण रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्यात, म्हणजे आर्टरी फोर्सेप्समध्ये, एक पाय दुसऱ्या पायातल्या खिडकीतून आरपार गेलेला असतो. पुढं जबडा, मागं बोट घालायची कडी, आणि मधली खिडकी इवलीशी. मग पाय आत गेला कसा?

बघा, आधी क्रोमियम मिसळलेलं पोलाद लालभडक तापवतात, साच्यावर ठेवतात आणि वरून घण आदळतो. धाड्! चिमट्याचा अर्धा भाग तयार. कडेचं फाजील पोलाद कापून टाकतात, जबड्याचे बारीक दाते यंत्रावर पाडतात. मग खिडकीचा भाग पुन्हा तापवून फाकवायचा, दुसरा अर्धा भाग आत सरकवायचा आणि गरम असतानाच दाबून खिडकी मिटवायची. खिळा असा घासायचा, की शोधूनही सापडू नये. एवढा खटाटोप कशाला? कारण सांधा जरा जरी डगमगला, तरी जबडे एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि रक्तवाहिनी निसटते.

पुढं कानस. दोन्ही टोकं जुळेपर्यंत माणूस घासतो, उजेडासमोर धरून बघतो, पुन्हा घासतो. हे काम अजून हातांचंच आहे. मग लोहार विळ्याला पाणी देतो तसं पाणी द्यायचं, पण हजार अंशांच्या वर तापवून! जास्त कडक झालं तर मोडतं, मऊ राहिलं तर वाकतं. शेवटी पॉलिश, आम्लाची अंघोळ आणि परीक्षा. परीक्षक कोण, तर तुमच्या प्रयोगशाळेतलं निळं मोरचूद! पोलादावर कुठं उघडं लोखंड राहिलं असेल, तर तिथं तांब्याचा लालसर थर बसतो. बसला की नापास.

हे सगळं एका छपराखाली होत नाही. भट्टी एका गाळ्यात, कानस दुसऱ्यात, पॉलिश तिसऱ्यात. मजुरी नगावर. पॉलिश करताना धातूची धूळ उडते, ती कामगाराच्या छातीत जाते.

१९९४ साली अमेरिकेनं दर्जाच्या कारणावरून इथला माल अडवला. गाव हादरलं. पण कारखानदार एकत्र आले, पोलाद, तपासणी, नोंदी सगळं सुधारलं आणि माल पुन्हा जाऊ लागला. हेच व्यापारी पुढं स्वतः पैसे घालून विमानतळ बांधते झाले! २००७ साली तो सुरू झाला.

आता थोडं लांब, जर्मनीत जाऊ. डॅन्यूब नदीकाठचं टुटलिंगेन हे या धंद्यातलं दुसरं मोठं गाव. सियालकोटचे कितीतरी अर्धवट चिमटे तिथं जातात, शेवटचा हात फिरतो, आणि मग ते जर्मन कंपनीच्या नावानं, चढ्या किमतीला विकले जातात. कानस मारणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं किती येत असेल, हिशेब तुम्हीच करा.

आणि एक गोष्ट मोठ्यांनी मुलांना सांगायचं टाळू नये. त्या लहान गाळ्यांत तुमच्याच वयाची मुलंही कामाला असत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांना शाळेत नेण्याचं काम सुरू केलं. २००६ साली महमूद भुट्टा या ब्रिटनमधल्या कान-नाक-घशाच्या सर्जननी तिथल्या वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. रुग्णालयांनी उपकरणाची धार आणि किंमत बघावी, तशी ती घडवणाऱ्याची अवस्थाही बघावी, असं त्यांचं म्हणणं. पुढं ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेनं हा प्रश्न हाती घेतला. स्वीडनमधल्या रुग्णालयांच्या खरेदीतही तशा अटी आल्या.

अट आली, की सियालकोटच्या मोठ्या कारखान्याला पाहुण्यांना दार उघडून दाखवावं लागतं. कानशीचे लहान गाळे मात्र गल्लीच्या आत असतात. त्यांच्यापर्यंत पाहुणे क्वचितच पोचतात.