खडवलीची नदी काठावरून ऐका

टिटवाळ्याच्या गणपतीला आपल्यापैकी कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. पण त्याच कसारा लोकलने एक स्टेशन पुढे, खडवलीला उतरलेल्या किती? तिथून थोडं चाललं की भातसा नदी लागते. वर शहापूर तालुक्यात हिच्यावर धरण आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत सर्वांत मोठा साठा तोच. धरणातून सोडलेलं पाणी याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं नि तिथून मुंबईला. म्हणजे मुंबईकर मैत्रिणींच्या माठातलं पाणी बहुधा खडवली पाहून आलेलं असतं!

ही नदी सुंदर आहे, तशी फसवीही आहे. धरणाचं पाणी सुटलं की पातळी बघता बघता वाढते. बुडून जीव गेल्याच्या बातम्या इथून वारंवार येतात. मग मुलांना नदीवर न्यायचंच नाही का? न्यायचं, पण पाण्यात नाही, काठावर. आणि नदी ऐकायला!

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. पण पृष्ठभागावर आला की जवळजवळ सगळा परत आतच वळतो. म्हणून वरून नदी मुकी वाटते. तिचं बोलणं ऐकायला पाण्यात बुडणारा कान हवा. तो घरच्या घरी करता येतो.

वाजणाऱ्या खेळण्यात किंवा शुभेच्छापत्रात पातळ पितळी चकती असते ना, तीच ही पायझो चकती. विजेने ती थरथरते. उलट ती थरथरली की तिच्यातून बारीकशी वीज निघते. लॅमिंग्टन रोडवर किंवा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ती अगदी किरकोळ किमतीत मिळते. दुकानदाराकडूनच चार-पाच मीटर शील्डची वायर आणि मोबाईलला चालणारा माईकचा प्लग सोल्डर करून घ्या. घरी चकतीला दोन्ही बाजूंनी नेलपॉलिशचे तीन-चार हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या. मग छोट्या फुग्यात चमचाभर गोडेतेल घालून चकती आत सरकवा, हवा काढा आणि तोंड वायरीवर दोऱ्याने घट्ट आवळा. तेलाने रबर खराब होतं, तेव्हा दर वेळी नवा फुगा. बुडण्यासाठी वर एक जड नट बांधा. आधी बादलीत सोडून बाहेरून चमचा वाजवा. मोबाईलवर रेकॉर्ड झालेला ठणका ऐकू आला की जमलं!

आता काठावर बसा, वायर संथ पाण्यात सोडा, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. उन्हात पाणवनस्पतींतून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात, त्यांची टिकटिक येते. प्रवाहात खडे एकमेकांवर आपटतात. कधी किर्रर्र असा सूर लागतो, तो पाणकिड्यांचा. २०११ साली युरोपातल्या संशोधकांनी अशाच एका जेमतेम दोन मिलिमीटरच्या किड्याचा आवाज मोजला, तो निघाला ९९ डेसिबल! काही शिंगाळ्यांसारखे मासे पंखाचा काटा घासून करकरतात. आणि आपल्या बाजारातले घोळ नि ढोमा? ते समुद्रात पोटातल्या हवेच्या पिशवीवर ढोल वाजवतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ग्रँड बेटाजवळ अशा माशांचे आवाज टिपले आहेत.

आणखी एक करून पाहा. जिथे पाण्यात गाड्या धुतात नि स्पीकर लावतात, तिथेही वायर सोडा. घरघर आणि धडधड यांखाली बाकी सगळं बुडून जातं. आपल्याला वाटतं, गोंगाट आपण वर करतो. खाली राहणाऱ्यांच्या घरात तो थेट शिरतो! हे मुलांना एकदा कानाने कळलं, की पुढे ‘नदी स्वच्छ ठेवा’ असं वेगळं सांगावं लागत नाही.

जायला थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात मुळीच जाऊ नका. वायर लांब ठेवा, मुलं जवळ ठेवा. डबा घरून न्या आणि रिकामी पिशवी, कचऱ्यासकट, परत आणा.