नमुना आणि नोंद

सह्याद्रीत वाढलेल्या वनस्पती-अभ्यासकाला लडाखमध्ये सुरुवातीला काही दिसतच नाही. पावसाळ्यात आमच्याकडे एकेका बांधावर तेरडा, सोनकी, कवळा यांची दाटी असते. लेहला वर्षभरात मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतं. त्सो मोरिरीच्या काठावरच्या कारझोक गावातून वर चढायला लागलं की सगळा डोंगर नुसता दगडमातीचा वाटतो. मग गुडघे टेकायचे. चांगथांगच्या या पठारावरची बरीचशी झाडं बोटभर उंचीची, जमिनीला बिलगलेली. त्यांचा खरा पसारा मुळांचा.

थायलॅकोस्पर्मम सीस्पिटोसम हे नाव आमच्या वहीत सारखं येतं. कार्नेशनच्या कुळातली ही वनस्पती लांबून हिरवट धोंडाच वाटते. हात ठेवून जोर दिला तरी दबत नाही. भिंग लावलं की कळतं, वरचा पृष्ठभाग म्हणजे असंख्य आखूड फांद्यांची एकमेकींना भिडलेली टोकं आहेत आणि प्रत्येक टोकावर काही मिलिमीटरची पानं गच्च रचलेली आहेत. जुनी पानं गळून उडून जात नाहीत. ती आतच कुजतात, ओल धरून ठेवतात, आणि झाड स्वतःच्या पोटात स्वतःपुरती माती तयार करतं. वाढ इतकी मंद, की परातीएवढा पसारा व्हायला कित्येक दशकं जातात. अशा झाडाला मुळासकट उपटणं मला अक्षम्य वाटतं. नमुन्याला कडेची एक फांदी पुरते, आणि तीही वनखात्याची परवानगी असेल तरच. हा भाग अभयारण्यात येतो.

नमुना वाळवणं इथं सोपं. कोकणात जुलैमध्ये टीपकागद कितीही वेळा बदलले तरी बुरशी येते. लडाखच्या हवेत ते रात्रीत खडखडीत होतात. अवघड असते ती नोंद. वाळल्यावर जांभळं फूल तपकिरी होतं, वास उडतो, लव चपटी होते. उतार कोणत्या दिशेचा होता, पायाखाली भुसभुशीत रेती होती की सरकणारी कपची, बर्फाचं पाणी कुठून येत होतं, शेजारी कोणती झाडं होती, उंची किती होती, यातलं काहीही वाळलेल्या फांदीवरून कळत नाही. ते जागेवर बसून, बोटं बधिर झाली तरी, पेन्सिलीनं लिहायचं. संध्याकाळी तंबूत आठवून लिहिलेल्या नोंदीवर माझा विश्वास नाही.

त्याच नोंदीत माणसांचं सांगणंही यायला हवं. आमचा चालक तिथलाच. त्यानं वाटेत भेटलेल्या एका मेमे-लेंना (वडीलधाऱ्या पुरुषांना तिकडं असंच म्हणतात) आमच्या हातातली केसाळ पानांची फांदी दाखवली. आजोबांनी लगेच नाव सांगितलं, ‘देमोक’, आणि अंगठ्याच्या नखानं तिथल्याच एका मुळाची साल खरवडली. नख लालजांभळं झालं. अर्नेबिया युक्रोमाचं हे मूळ रंगासाठी आणि तिथल्या आमचींच्या, म्हणजे पारंपरिक वैद्यांच्या, औषधांत वापरलं जातं. स्थानिक नाव, उपयोग आणि गाव, तिन्ही चिठ्ठीवर गेली.

ही शिस्त जुनी आहे. १८३० मध्ये व्हिक्टर जॅकमाँ हा फ्रेंच तरुण सतलजच्या खोऱ्यातून किन्नौर-स्पितीत पोचला. पुढं काश्मीर करून तो दख्खनमध्ये उतरला आणि डिसेंबर १८३२ मध्ये मुंबईत वारला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. त्याच्या वनस्पतींचं वर्णन पॅरिसमध्ये दुसऱ्यांनी पुरं केलं. हिमालयातल्या भूर्जाच्या एका प्रकाराला आजही त्याचं नाव आहे. टॉमस टॉमसन हा स्कॉटिश डॉक्टर १८४८ मध्ये लडाखमार्गे काराकोरम खिंडीपर्यंत गेला. त्याचे नमुने लंडनच्या क्यू उद्यानात अजून अभ्यासले जातात.

आपल्या काळातलं माझ्या मनात घर करून असलेलं नाव म्हणजे लेओश क्लिमेश. हा चेक शास्त्रज्ञ लडाखमध्ये पुन्हापुन्हा येत राहिला आणि २००९ मध्ये याच डोंगरांत बेपत्ता झाला. मोहरीच्या कुळातल्या एका नव्या जातीला २००२ मध्ये त्याचं नाव देण्यात आलं होतं. पुढं २०१० मध्ये तिच्यासाठी लडाकिएला ही स्वतंत्र प्रजाती मानली गेली. चेक अभ्यासकांनी नंतर लडाखमध्ये ६,१५० मीटर उंचीवर ज्या सहा जाती नोंदवल्या, त्यांत ही लडाकिएला क्लिमेसायही आहे.

नवी जाती सापडली की बातमी होते. मला मात्र माहितीतल्या झाडाची पुन्हा केलेली नोंद जास्त मोलाची वाटते. हवा तापते आहे. एखादं झाड वर सरकलं की नाही, हे ठरवायला ते आधी किती उंचीवर होतं ते कुणीतरी तारखेसह लिहून ठेवलेलं असावं लागतं. आणि ओळख पक्की हवी. मोहरीच्या कुळात तर नुसत्या फुलावरून काहीच ठरत नाही. चार पाकळ्या सगळ्यांनाच असतात. याच कुळातल्या ड्राबाची जात ओळखायची तर पिकलेली शेंग लागते आणि पानावरचे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात: साधे आहेत, दुभंगलेले आहेत, की चांदणीच्या आकाराचे.

दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून कितीतरी जण लडाख आणि स्पितीला जातात. त्यांना माझी विनंती आहे. झाड उपटू नका, फूल तोडू नका. फोटो जरूर काढा, पण एकट्या फुलाचा नको. पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, शेंग किंवा फळ आणि आजूबाजूचा उतार, असे चार फोटो घ्या. जागा, उंची आणि तारीख तिथंच लिहा, आणि परतल्यावर हे सारं जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्या. एवढं हाती आलं, तर बऱ्याच झाडांची ओळख आम्हाला पुण्यात बसूनही पटवता येते.