दम, पकड आणि स्पर्श : जपानमध्ये रुजलेली कबड्डी

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आमच्या वसतिगृहात येणाऱ्या मुलांना कबड्डी शिकवावी लागत नाही. चढाई आणि पकड त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. कदाचित म्हणूनच तिचे मोल त्यांना वाटत नाही. ज्याच्या घरी बॅट तो खेळाडू, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने कबड्डी खेळावी, असा समज आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. इतिहासाच्या शिक्षकाने या समजाला उत्तर देताना जपानकडे बोट दाखवावे, असे आम्हांस वाटते.

हुतूतूला नियमांची चौकट देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक घडविले. जगाने ते पाहिले, कौतुकही झाले. परंतु खेळ तेथे रुजला नाही. प्रात्यक्षिक पाहून लोक टाळ्या वाजवतात, खेळू लागत नाहीत.

जपानची गोष्ट निराळी आहे. १९७८ मध्ये आशियाई हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी महासंघाच्या वतीने प्रा. सुंदर राम हे दोन महिने जपानमध्ये फिरले. त्यांनी खेळ दाखवला आणि शिकवलाही. कबड्डीला चेंडू लागत नाही, जाळे लागत नाही. सात माणसे इकडे, सात तिकडे, मध्ये एक रेषा आणि छातीत दम. एवढे सामान तर माणूस अंगावरच घेऊन जातो. अकरा वर्षांनी, १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला प्रथमच पदकाचा मान मिळाला, तेव्हा सहभागी सहा देशांत जपान होता. २००४ साली मुंबईत झालेल्या विश्वचषकातही जपानचा संघ उतरला. आणि २०१० साली ग्वांगझू येथे जपानच्या पुरुषांनी कांस्यपदक मिळवले. सुंदर राम यांच्या दौऱ्यापासून त्या पदकापर्यंत एकतीस वर्षे लोटली होती. रोपाला पाणी घालणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

या वाटचालीत आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक बाब आहे. टोकियोचे ताइशो विद्यापीठ हे बौद्ध पंथांनी मिळून १९२६ साली उभारलेले विद्यापीठ. तेथील विद्यार्थ्यांनी कबड्डी जिद्दीने जोपासली. जेथे सूत्रपठणाची परंपरा आहे, तेथे एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत शत्रूच्या अंगणात जाऊन परतण्याचा खेळ परका वाटला नसावा, असा आमचा तर्क आहे.

परका खेळ आपला होतो तो स्वतःच्या भाषेत त्याच्या गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्यावर. २०१५ पासून जपानमध्ये कबड्डीवर एक चित्रकथामालिका निघू लागली. तिच्या नावाचा अर्थ ‘धगधगती कबड्डी’ असा होईल. एप्रिल २०२१ मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिकाही आली. तिचा नायक शाळकरी मुलगा आहे. एकेकाळचा नामांकित फुटबॉलपटू, पुढे खेळाचाच वीट आलेला आणि इंटरनेटवरच्या प्रक्षेपणात रमलेला. त्याला मैदानावर परत आणते ती कबड्डी! आमच्या नववीच्या मुलांनी हे भ्रमणध्वनीवर पाहिले आणि विचारले, “सर, हे आपल्याच खेळावर कसे?” त्या प्रश्नातला अभिमान आम्हांस नवा होता.

भ्रमणध्वनीवर आणखीही एक खेळ चालतो. बोटाने खेळाडू निवडायचे, कागदी संघ बांधायचा, गुण मोजायचे. पैसे लावून चालणाऱ्या अशा ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली. पैशाविना संघ निवडण्यात बुद्धीला चालना असेलही. परंतु त्यात दम लागत नाही, आणि कोणी कोणाला हात लावत नाही.

हा हात लावणेच आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रतिस्पर्ध्याला शिवून परतणे हा चढाईचा मुख्य हेतू, आणि त्याला मिठीत आवळणे हीच पकड. ज्या देशात माणसाच्या स्पर्शाला विटाळ मानले गेले, जेथे १९२७ साली तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याच देशाच्या मातीत हा खेळ वाढला. जपाननेही बुराकू समाजाला असेच दूर ठेवल्याचा इतिहास आहे. खेळाने जात संपत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु चढाईवर आलेल्याचे आडनाव विचारून त्याला धरता येत नाही. रेषेच्या आत तरी माणूस माणसाला समान अंतरावर असतो.

शिकवलेला खेळ कधी कधी आपल्यालाच हरवतो. नाशिकच्या शैलजा जैन यांनी घडवलेल्या इराणच्या महिला संघाने २०१८ मध्ये जकार्ता येथे अंतिम सामन्यात भारताला नमवले. शिक्षकाला यात खंत वाटू नये. विद्या पोहोचल्याची ती पावती आहे.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या शाळेचे मैदान आहे, मुलेमुली आहेत. दहावीनंतर मात्र बहुतेकांचा खेळ सुटतो, आणि मुलींचा तर त्याआधीच. देणगीचे आम्ही स्वागतच करू; पण एका परक्या देशात हा खेळ रुजला तो कोणीतरी जाऊन दोन महिने राहिला म्हणून. आपल्यापैकी जे खेळले आहेत, त्यांनी उन्हाळी सुट्टीतले काही दिवस या मुलांना द्यावेत. येताना काही आणू नये. दम तेवढा घेऊन यावे.