बेन नेविस : हवामानाच्या वहीसाठी बांधलेली वाट

आपल्याकडे डोंगरावर जाणारी वाट बहुतेक वेळा देवाची असते, नाहीतर गडाची. येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलात तर दोन्ही एकदमच भेटतात. स्कॉटलंडमधल्या बेन नेविसची वाट मात्र वेगळ्याच कामासाठी बांधली गेली. माथ्यावर राहून दर तासाला तापमान, हवेचा दाब, वारा आणि पाऊस मोजणाऱ्या माणसांसाठी ती होती.

बेन नेविस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, १३४५ मीटर. आपलं कळसूबाई त्याहून तीनशे मीटर उंच! पण इथली चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि माथा बहुतेक वेळा ढगात असतो. ऑफिसच्या कामासाठी ग्लासगोला होतो तेव्हा एका शनिवारी मी ही वाट चढलो. जाऊन-येऊन साधारण १७ किलोमीटर, पूर्ण दिवस लागतो. वाट सरळ न चढता मोठमोठी वळणं घेत जाते. सामान वाहणाऱ्या तट्टांना चढता यावं म्हणून ती तशी आखली होती.

वाट नव्हती तेव्हाची गोष्ट अधिक भारी आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात क्लेमंट रॅग नावाचा माणूस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज पहाटे निघून माथ्यावर जायचा आणि नोंदी घेऊन उतरायचा. त्याच वेळी खाली फोर्ट विल्यम गावात त्याची पत्नी नोंदी घ्यायची, म्हणजे डोंगरावरची आणि पायथ्याची हवा ताडून बघता यायची. 'क्लेमंट' म्हणजे सौम्य हवा. लोकांनी गमतीने त्याला 'इनक्लेमंट रॅग', म्हणजे 'खराब हवेवाला रॅग' करून टाकलं.

त्याच्या नोंदी पाहून स्कॉटिश हवामान संस्थेने लोकवर्गणी काढली. राणी व्हिक्टोरियानेही त्यात पैसे दिले. १८८३ मध्ये वाट तयार झाली आणि ऑक्टोबरमध्ये माथ्यावरची वेधशाळा सुरू झाली. हिवाळ्यात दार बर्फाखाली गाडलं गेलं की तिथली माणसं मनोऱ्यातून बाहेर पडत. वाटेवर येणाऱ्या पर्यटकांकडून टोल घेतला जाई आणि त्या पैशांचाही वेधशाळेला हातभार लागे.

सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हा पंचविशीतला तरुण दोन आठवड्यांसाठी इथे बदली निरीक्षक म्हणून आला. सकाळी पाठीमागून ऊन आणि समोर धुकं असताना त्याला धुक्यावर आपली सावली दिसली, आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी. आपले ट्रेकर याला इंद्रवज्र म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ते दिसतं, आणि कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं वर्णन १८३५ मध्येच छापलं होतं.

विल्सनने ते दृश्य प्रयोगशाळेत घडवायचं ठरवलं. केंब्रिजला परतून तो काचेच्या भांड्यात दमट हवा एकदम प्रसरण पावू देऊन ढग तयार करू लागला. करता करता लक्षात आलं, की धूळ नसली तरी विद्युतभारित कणांवर पाण्याचे थेंब जमतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कण भांड्यातून गेला, की विमानामागे उमटावी तशी थेंबांची पांढरी रेघ मागे राहते. १९११ मध्ये त्याने अशा रेघांचे फोटो काढले. या मेघकोठीसाठी त्याला १९२७ चं नोबेल मिळालं. पुढे १९३२ मध्ये पॉझिट्रॉन सापडला तोही मेघकोठीतच. सुरुवात कुठून, तर एका धुकट माथ्यावरून.

वेधशाळा मात्र १९०४ मध्ये पैशाअभावी बंद पडली. वीस वर्षं रात्रंदिवस भरलेले आकडे उरले, पण कागदावर. कागदावरचा आकडा कॉम्प्युटरला वाचता येत नाही. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्यांना जुनी माहिती हवी होती, म्हणून २०१७ मध्ये रीडिंग विद्यापीठाने लोकांना हाक दिली. हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या, स्कॅन केलेली पानं बघून ते आकडे टाइप केले. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटाच्या गप्पा मारतो, पण हा सगळा डेटा आधी कुणीतरी गारठलेल्या बोटांनी लिहिला होता.

आज दरवर्षी लाखाहून जास्त लोक ही वाट चढतात. वर वेधशाळेच्या पडक्या भिंती दिसतात. बरेच जण तिथे बसून सँडविच खातात आणि फोटो काढून उतरतात. मीही खाल्लं. पण तुम्ही कधी गेलात तर मुलांना त्या भिंती कशाच्या आहेत ते नक्की सांगा.

आणि तोपर्यंत एक काम घरचं. आपल्या भागातल्या अनेक शेतकरी घरांत आजोबांनी पाऊस कधी आला, पेरणी कधी झाली, हे डायरीत लिहून ठेवलेलं असतं. तशी वही सापडली तर रद्दीत घालू नका. निदान प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.